चुलत पणजोबा

ग्रीसमधल्या एका बेटावर बाळाचं नाव देवळात ठेवत, पण त्याआधी पायरीवर बापाचं नाव सांगावं लागे. मेलिताला लग्नाचं वचन देऊन गेलेला खलाशी परतलाच नव्हता. तान्ह्याला छातीशी धरून ती बापाचं नाव न सांगताच पायरी चढू लागली. देवळात नाव ठेवलं नाही, तर पोराला गावात थारा मिळणार नव्हता.

नगरप्रमुख थेरॉन आडवा आला. "बिनबापाचं पोर आत जाणार नाही. हे झ्यूसदेवाचं देऊळ आहे, आणि माझे पणजोबा खुद्द झ्यूसचे पुत्र होते."

"ते कुणी पाहिलं होतं, सरदार?"

"पाहायचं काय त्यात? देव वेष पालटून आला होता, असं त्यांच्या आईनं सांगितलं. आईच्या शब्दावर शंका घेणं पाप आहे."

"मग माझाही शब्द ऐका. याचा बापही झ्यूसच. वेष तेवढा खलाशाचा होता."

थेरॉननं नाही म्हणावं तर त्याचं स्वतःचंच कूळ बुडत होतं.

मेलितानं बाळ पुढे केलं. "म्हणजे हा तुमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. घरातलं वडीलधारं माणूस दारात ताटकळतंय, सरदार. पाया पडा आणि आत घेऊन चला."

थेरॉन मुकाट्यानं वाकला, आणि चुलत पणजोबांनी त्याची दाढी मुठीत धरली.