एका रेणूची साय

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंचा निरोप घ्यायला आली. गुरू वयोवृद्ध, रसायनशास्त्रातले जाणते. शिष्या कुंभाराच्या घरातली. त्या घरातून शाळेच्या पुढे गेलेली पहिलीच.

गेली दोन वर्षे ती एकाच पदार्थाचा पातळ, सलग थर बनवण्याच्या मागे लागली होती. पदार्थ प्लास्टिकसारखाच, अणूंच्या लांबलचक साखळ्यांचा, पण अंगातून वीज वाहून नेणारा. साखळीच्या एका बाजूला पाण्याची ओढ, दुसऱ्या बाजूला पाण्याचे वावडे. पाण्यात घातला की गुठळ्या, तेलात घातला की गाळ. नुसता वैताग!

“सर, हा मेला दुतोंडी आहे,” ती म्हणाली. “त्याची पाण्याकडची बाजू छाटून टाका, मग कोणीही करील हे काम. मी चालले गावी.” “खरं सांगू? माझंही तसंच झालंय. इथं तोंड उघडलं की माझ्या बोलीला मुलं हसतात. घरी गेले की आई म्हणते, तू आता मोठी साहेबीण, तुझ्याशी आम्ही काय बोलायचं! मी धड इथली नाही, धड तिथली नाही.”

गुरूंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “खानावळीतून एक परात घेऊन ये बरं.”

आता काय म्हणावे! पोरगी निरोप घ्यायला आलेली आणि यांना परात हवी. पण गुरूंची आज्ञा, तिने आणली.

गुरूंनी परातीत पाणी भरले आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरली. साखरपाण्याचा थेंब सोडला. तो बुडाला, पावडर जागची हलली नाही. यंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. तो अंग चोरून गोल बसून राहिला. मग त्यांनी तिच्याच पदार्थाचा, चटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला, एक थेंब मधोमध टेकवला.

सर्रकन सगळी पावडर काठाला जाऊन भिडली! मधले पाणी आरशासारखे स्वच्छ झाले.

“अगं बाई!” ती पुटपुटली.

“पाण्यावर साय धरली आहे,” गुरू म्हणाले. “जाडी एका रेणूची, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. ज्याला फक्त पाणी प्रिय होते, तो पाण्यात हरवला. ज्याला पाणी नकोसे होते, तो एकटाच राहिला. हा मात्र एक बाजू पाण्यात रोवून, दुसरी वर काढून, शेजाऱ्याला खेटून उभा आहे. या रांगा कोणी लावल्या? कोणीही नाही. दोन्ही स्वभाव अंगी होते, म्हणून त्याला पाणी आणि हवा यांच्या सीमेवरची आपली जागा सापडली. आणि आपण त्यालाच एका बाजूचा करायला निघालो होतो!”

त्यांनी काचेची पट्टी पाण्यात बुडवून हळूच वर काढली. काच कोरीच दिसत होती. शिष्येने तिच्यावर वीजमापकाच्या दोन तारा टेकवल्या, आणि मापकाचा काटा हलला. काचेला चिकटून आलेल्या, न दिसणाऱ्या सायीतून वीज वाहत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. “आज निघतीस नव्हं?”

“न्हाई गं आये. आदी ऐक तर!” आणि प्रयोगशाळेत उभी राहून, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता, ती आपल्या घरच्या बोलीत सांगू लागली. पाण्यावरची साय, तिच्यातले उभे रेणू, हललेला काटा, सगळे काही.

पलीकडून आई म्हणाली, “आगं, ह्ये तर मला समदं कळलं की! मग इतकी वर्सं का न्हाई सांगितलंस?”

शिष्येने डोळे पुसले आणि स्टूल ओढून घेऊन पुढचे सांगायला बसली.