सनईवाल्याचा वाटा

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एक सनईवाला राहायचा. तो वाजवू लागला की भांडणारी माणसंसुद्धा भांडण सोडून ऐकत बसायची.

गावात एक रीत होती. सुगीला खळ्यावर सुताराला, लोहाराला, कुंभाराला सूपभर धान्य मिळायचं. सनईवाल्याला मात्र सारं गाव हात जोडायचं. देवाची कला, तिच्या बदल्यात धान्य कसं द्यायचं! आणि गंमत बघा, त्या खुळ्यालाही त्याचाच अभिमान वाटायचा.

आजवर दोन शेळ्यांचं दूध धान्यावर बदलून कसंबसं निभावलं होतं. त्या साली शेळ्या रोगानं गेल्या, आणि कणगीचा तळ दिसू लागला.

बायको म्हणाली, "अहो, लेकरं उपाशी झोपतात. नमस्कार कसा शिजवायचा, तेवढं सांगा मला."

सनईवाल्याचा जीव टांगणीला लागला. मागावं, तर लोक हावरा म्हणतील. न मागावं, तर लेकरांचं काय? तीन दिवस तो खळ्याच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरला. चौथ्या दिवशी मात्र त्यानं खळ्यावर जाऊन उपरणं पसरलं.

पाटील हसले. "अरे, कोकिळा कधी मागते का?"

"नाही मागत, पाटील. पण तिची पिल्लं कावळा पोसतो. माझी कोण पोसणार?"

पण धान्य कुणीच दिलं नाही. रीत मोडायची भीती प्रत्येकालाच वाटत होती.

मग सनईवाला घाटाखालच्या चुनाभट्टीवर राबायला गेला. लेकरांना भाकरी मिळू लागली, पण भट्टीचा धूर रोज त्याच्या छातीत जात राहिला.

वर्षभरानं जत्रा आली. सनईवाचून पालखी उचलायला कुणी धजेना. काही आक्रीत घडेल या धास्तीनं पाटील स्वतः धान्याची पोती घेऊन त्याच्या दारी आले. "चूक झाली रे बाबा. हवं तेवढं घे, पण वाजव."

सनईवाल्यानं सनई ओठांना लावली. एकदा फुंकलं. पुन्हा फुंकलं. खोकल्याची उबळ आली, सूर काही आला नाही.

"वाजवायचं तर मला रोजच होतं, पाटील," तो रडत म्हणाला. "आता छातीत दमच उरला नाही हो."

त्या साली पालखी मुकाट्यानं निघाली, आणि पाटलांना मान वर करवेना.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: कला पोटासाठी जन्मत नाही, पण कलावंताला उपाशी ठेवलं तर ती जगतही नाही.