पांढऱ्या बैलाच्या गोष्टी

फार मागं, रानाला कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. कोसली नावाची म्हैस आपल्या पारडीला वाघाला लोळवणाऱ्या पांढऱ्या बैलाच्या गोष्टी सांगायची, स्वतः ऐकल्या होत्या तशाच.

"आये, एखादी काळी म्हैस लढली असंल की."

"आपल्याला कोण घेतंय गोष्टीत, बाई? झोप गप."

एके सकाळी खरंच वाघ आला. म्हशींनी शिंगं बाहेर रोखून कडं केलं.

"आत ये, माझ्यापाशी थांब," कोसली ओरडली. पण पारडीला काळ्या शिंगांचा भरवसा वाटेना. ती निसटली आणि माळावर चरणाऱ्या एका पांढऱ्या बैलाकडं धावली. वाघ दिसताच बैल पळत सुटला. पारडी एकटीच वाघाला सापडली.

म्हशींनी मग वाघाला शिंगांवर घेऊन नदीपल्याड पिटाळलं. ते बघायला पारडी उरली नव्हती.