माईंच्या कुटीतला गीझर

"नळ कोणी बंद केला?" माईंनी विचारलं.

बिराजदार मास्तर ताठ उभे राहिले. "मीच, माई."

आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता. उलट शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरासारखा चेहरा. लातूरकडच्या शाळेत हेडमास्तर म्हणून जन्म गेला. गळका नळ दिसला की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा.

पण हे लातूर नव्हतं. हिमालयातली, हर्षिलच्या वरच्या अंगाची लाकडी कुटी होती ही, आणि बाहेर सगळं गोठलेलं. माईंच्या सांधेदुखीसाठी एका भक्ताने भिंतीवर गॅसचा गीझर बसवून दिला होता. त्यात पाणी साठत नाही. नळ सोडला की भप्पकन ज्योत पेटते आणि वाहता वाहता पाणी तापतं. रात्री नळीत पाणी थांबलं तर गोठून नळी फुटते, म्हणून माईंनी निजताना बजावलं होतं, "मास्तर, नळ थेंब थेंब चालू ठेव हो."

आता नळ सोडला तर ना ज्योत, ना पाणी. गीझरखालची नळी उभी चिरली होती.

"सांगितलं होतं ना?"

"हो. पण मी ओळखलं." मास्तर हसले. "तुम्ही माझी परीक्षा पाहत होतात. मी तत्त्व सोडतो का..."

माईंनी चिरलेल्या नळीवरून बोट फिरवलं.

"परीक्षाच होती ना, माई?"

"नळ होता."

नळ होता... म्हणजे आता नाही? म्हणजे जे दिसतं ते... मास्तर विचारात पडले. एकदा गूढ शोधायची खोड लागली की माणसाचं असंच होतं. 'चहा घे' म्हटलं तरी अर्थ लावत बसतो आणि चहा निवून जातो.

माईंनी चिरेतून बर्फाची कांडी मोडली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"तू वाचवलेलं पाणी."

तळहात झोंबू लागला. टाकावं की धरावं, मास्तरांना कळेना. प्रसाद समजून त्यांनी धरून ठेवलं.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. आज अंघोळ झाल्यावर अनुग्रह द्यायचं, कानात मंत्र सांगायचं, माईंनी कबूल केलं होतं. दरसाल ते यायचे आणि दरसाल माई त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. दुपारी माईंना खाली न्यायला जीप येणार होती. पुढच्या वर्षी त्या पुन्हा वर चढतील का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"घागरीतल्या गार पाण्याने करतो अंघोळ. नाही म्हणू नका, माई."

"मरशील."

"चालेल."

"मला चालायचं नाही... बस इथे."

मास्तर बसले.

माईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. वाकल्या. तोंड कानाशी नेलं. मास्तरांनी डोळे मिटले.

अगदी हळू शब्द आले, "सरपण आण."

पुढचं अक्षर येईल म्हणून मास्तर थांबले...

माई चुलीपाशी जाऊन राख ओढू लागल्या होत्या.

"माई... हा मंत्र, की काम?"

राखेखालून एक निखारा वर आला.

"मनात म्हणायचं? की मोठ्याने?"

माईंनी त्या निखाऱ्यावर फुंकर घातली.

मास्तर उठले. मिळालं की हुकलं, काही म्हणता काही उमगत नव्हतं, आणि रडू तर येतच होतं. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"एवढंच सांगा, माई. मला अनुग्रह झाला का?"

माईंनी मान वर केली.

"सुकं बघून आण," त्या म्हणाल्या. "ओलं नुसता धूर करतं."