डोणीतली पोवळी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तिथे राज्य कुणाचं होतं तेही आता कुणाला आठवत नाही, आणि आठवून तरी करायचंय काय? समुद्रकाठी एक गाव होतं, एवढं आपल्याला पुरे.

गावासमोरच्या उथळ पाण्यात पोवळ्यांची बाग होती. पोवळं म्हणजे माळेतला मणी, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा कान इकडे करा. पोवळं हा जीव आहे. त्याच्या फांद्यांवर इवली इवली तोंडं असतात, ती उघडून ते खातं. त्या फांद्यांच्या आडोशाला मासळी पिलं वाढवते. आणि त्या मासळीवर गाव जगत होतं.

एका वर्षी काठावरची टेकडी खचली आणि तिची सगळी माती त्या बागेवर जाऊन बसली. पोवळी गुदमरली. मासळी निघून गेली. जाळी रिकामी यायला लागली तेव्हा गावचा पाटील म्हणाला, "इथलं अन्नपाणी संपलं. होड्या भरा, दुसरा किनारा बघू."

गावात एक नाखवीण होती, म्हणजे होडीच्या मालकाची बायको. जिभेने तिखट आणि हट्टाने त्याहून तिखट. ती ओहोटीला गाळात शिरली आणि ज्या फांद्यांत थोडी धुगधुगी होती, त्या हंड्यात घालून घरी घेऊन आली. परसात पाणी साठवायची मोठी दगडी डोणी होती. ती घासूनपुसून, समुद्राचं पाणी भरून, तिने फांद्या तिच्यात ठेवल्या.

"पाटील, मला पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत द्या," ती म्हणाली. "ही जगली तर परत बागेत लावीन. बाग आली की मासळी येईल."

"आणि गाळाचं काय?"

"गाळ भरती-ओहोटी धुऊन नेईल. पण तोवर ही मेली, तर धुतलेल्या खडकावर लावायचं काय? तुमच्या मिशा?"

लोक खो खो हसले. पाटलालाही हसू आवरेना. मुदत मिळाली.

मग नाखवीण कामाला लागली. एकदा तिने डोणीतलं सगळं पाणी एकदम बदललं, तर एक फांदी त्या धक्क्यानेच गेली. तेव्हापासून ती रोज हंडाभर जुनं पाणी काढी आणि हंडाभर ताजं घाली, जास्त नाही. वर झावळ्यांची सावली केली. पोवळ्यांचा फिका पडलेला रंग काही परतेना, पण तिने नेम चुकवला नाही.

उन्हं तापली. डोणीतलं पाणी आटायला लागलं, तशी ती त्याची भर समुद्राच्याच पाण्याने करू लागली. तरी पोवळी आक्रसतच चालली. फांद्यांबरोबर हंड्यातून एक खेकडा आला होता, तो दगडाखालून म्हणाला, "अगं शहाणे, पाणी चाखून तरी बघ."

तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिचं तोंडच वाकडं झालं. "अगाई! केवढं खारट हे!"

"ऊन नुसतं पाणी पितं, मीठ इथंच ठेवून जातं," खेकडा म्हणाला. "पलीकडच्या मिठागरात दुसरं काय करतात? तू पोवळी जगवत नाहीस बाई, त्यांचं लोणचं घालते आहेस."

नाखविणीने कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून आटलेलं पाणी ती विहिरीच्या गोड्या पाण्याने भरू लागली. थोड्याच दिवसांत फांद्यांवर लाली चढली. इवली तोंडं उघडली.

बातमी गावभर झाली आणि इथेच घात झाला. "समुद्राची लेकरं बरी झाली!" म्हणत साऱ्या बायका आल्या. त्या गावात समुद्राची पूजा समुद्राच्या पाण्यातच करायची रीत होती, आणि डोणीत पाणी तर समुद्राचंच होतं. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी दूध ओतलं, नाखविणीच्या सासूने स्वतः नारळ फोडून त्याचं पाणी सोडलं. आशीर्वादाला नको कसं म्हणायचं? नाखवीण हात जोडून उभी राहिली.

सकाळी डोणीला कुबट वास मारत होता. फांद्या बुडख्यापासून पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि तो पांढरेपणा वर चढत होता. नाखवीण डोणीला धरून ढसाढसा रडली.

"रडून झालं की सुरी आण," खेकडा म्हणाला. "टोकं अजून जिवंत आहेत. तेवढी तोडून घे आणि बाकीचं टाक."

"हातांनी जगवलेलं मी हातांनीच कापू?"

"मग बघत बस. सगळंच जाईल."

तिने सुरी आणली. डोळे पुसले आणि कापलं. बोटाच्या पेराएवढी टोकं धुतलेल्या दगडांवर बसवली, पाणी पुन्हा हंड्याहंड्याने पालटलं आणि परसाच्या दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सासू नारळ घेऊन दारात उभी. "मी घरची. मलाही अडवणार?"

"सासूबाई, तुम्ही घरच्या, म्हणून आधी तुम्हालाच अडवते. तुम्हाला सोडलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने अडवू?"

सासूने बोलणं टाकलं. गाव म्हणालं, "हिला गर्व चढला." नाखविणीने ते गिळलं. खरं तर तिला स्वतःलाच अडवणं सगळ्यात जड जात होतं. एखादं टोक उचलून बघावं, काहीतरी खाऊ घालावं, असं दर घटकेला वाटे. ती हात मागे धरून बसे. पाऊस लागला तेव्हा तिने डोणीवर छप्पर घातलं, पण हंडाभर काढायचं, हंडाभर घालायचं, हा नेम एकही दिवस मोडला नाही.

नारळी पौर्णिमा आली. होड्या भरून तयार होत्या. पाटील परसात आला आणि डोणीत बघून म्हणाला, "वर्षभर राबलीस ती एवढ्यासाठी? ही तर बोटाएवढी आहेत!"

"मोठी करते असं म्हटलं नव्हतं पाटील, जगवते म्हटलं होतं. वाकून बघा."

पाटील वाकला. लालबुंद फांद्यांवर शेकडो तोंडं उघडी होती. "अगं, ही खातायत की!" तो लहान पोरासारखा ओरडला. त्याने होड्यांतलं सामान उतरवायला सांगितलं.

भरती-ओहोटीने धुऊन काढलेल्या खडकावर नाखविणीने एकेक फांदी बसवली. मासळी त्या वर्षी आली नाही, पुढच्याही वर्षी नाही. लोक लांबच्या पाण्यात जाऊन जाळी टाकत, अर्धपोटी राहत, पण बागेत कुणी पाय घातला नाही. मग एका ओहोटीला नाखवीण गुडघाभर पाण्यात उभी असताना, तिच्या पायांमधून चमचमणारी पिलं सळसळत गेली आणि थेट फांद्यांत शिरली. त्या गावाने पुन्हा कधी होड्या भरल्या नाहीत.

तात्पर्य: आजारी जिवाला आपल्याला द्यावंसं वाटतं ते देऊ नये, त्याला सोसेल तेवढंच द्यावं, आणि ते मात्र रोज, न थकता द्यावं.