गळ्यातली चंपाबाई

“काढता येईल का ते, एवढंच सांगा बुवा.”

तम्माण्णाबुवा पडवीत उन्हाला बसून पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय काढायचंय?”

“चंपाबाई.”

नाव घेतानाही हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं बुवांकडे शिकलेला, घराण्याच्या शुद्धतेवर दिसेल त्याला व्याख्यान देणारा, लग्नातली सनई ऐकूनसुद्धा नाक मुरडणारा हा गडी. आणि त्याच्याच गळ्यात ठाण मांडून बसली होती जत्रेच्या तंबूतली एक गाणारी बाई!

“कोण ही?”

“आमच्या गावच्या जत्रेला तिचा तमाशा यायचा. मी सातेक वर्षांचा असेन. कनातीखालून डोकं आत घालून ऐकायचो. पंचमावरून वर जाताना ती आवाजाला एक लाडिक हिसका द्यायची... तो माझ्या गाण्यात येतो. मी बोलावत नाही, तरी येतो.”

“बरं, मग?”

“मग काय! दिवाळीच्या बैठकीत अण्णासाहेबांसारखे जाणकार चारचौघांत म्हणाले, गळा गोड आहे, पण मधूनच कनातीचा वास येतो. सगळे हसले. तेव्हापासून पंचम जवळ आला की माझ्या घशाला कोरड पडते. आवाज तिथंच अडतो. उद्या तुमच्या सत्काराला मी गायचंय, आणि...”

त्यानं खिशातून एक पितळी डबी काढून बुवांपुढे ठेवली. शिष्य करून घेताना बुवांनी त्याच्या मनगटाला बांधलेला गंडा त्यानं तिच्यात जपून ठेवला होता.

“हा परत घ्या. मी गाणं सोडतो.”

बुवांनी डबीकडे पाहिलं. एक शेंग सोलली. दुसरी सोलली...

“आहे का ती अजून? चंपाबाई?”

“नाही. वारली. दहा-बारा वर्षं झाली असतील.”

“हं. माझी ती जागा म्हण बघू.”

“कुठली?”

“जिच्यासाठी लोक मला बोलावतात ती.”

हेरंबचा चेहरा जरा उजळला. ती जागा म्हणजे घराण्याचा दागिना. त्यानं वरचा षड्ज लावला, अलगद खाली उतरला, गंधारावर रेंगाळला आणि एकदम स्वर वर उचलला. तेवढ्या एका तुकड्यासाठी त्यानं तीन वर्षं घासली होती.

“कुणाची ही?”

“तुमच्या गुरुजींची. घराण्यात चार पिढ्या चालत आलेली.”

बुवा हसायला लागले. इतके हसले की मांडीवरचे पावटे पडवीभर झाले. मग भिंतीला धरून उठले, दोन्ही हात पंज्यांसारखे छातीशी घेतले आणि या पायावरून त्या पायावर डुलू लागले. डुलता डुलता तीच जागा गायले. स्वर वर उचलताना त्यांनी मान अशी झटकली, जणू कुणी नाकातली दोरी ओढली असावी.

हेरंब आ वासून बघत राहिला. मोठमोठे गवई ज्यांच्या पायाशी बसत, ते त्याचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरू भरदिवसा अस्वल झाले होते.

“आमच्या गल्लीत दरवेशी यायचा,” बुवा धापा टाकत म्हणाले. “अस्वलाला उठवताना दोरी ओढायचा आणि असा गायचा. मी सहा वर्षांचा. त्याच्यामागं पार नदीपर्यंत जायचो. घरी येऊन मार खायचो.”

“म्हणजे ही जागा...”

“त्याची.”

“आणि गुरुजींना ते चाललं?”

“पहिल्यांदा माझ्या गळ्यात ऐकली तेव्हा कानाखाली दिली एक.”

“मग?”

“मग वर्षभरानं स्वतःच घ्यायला लागले.”

हेरंबला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला होता, आणि श्वास कसा पोटापर्यंत जात होता. त्यानं गुपचूप डबी उचलून खिशात टाकली आणि गुडघ्यांवर बसून पावटे गोळा करायला लागला.

थोड्या वेळानं त्याचा हात थांबला.

“पण बुवा, उद्या अण्णासाहेब पुढच्याच रांगेत असणार. आणि नेमकी ती आली तर?”

बुवा पुन्हा उन्हात भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटले.

“येऊ दे. दारात अडवू नकोस. लांबून येते ती.”