खडेरावांनाच निवडा

पिंपळटोकच्या राजाने दवंडी पिटवली: नगरपालिकेची निवडणूक होणार, अगदी मोकळेपणाने होणार आणि राणीसाहेबांचे भाऊ खंडेरावच निवडून येणार! एक जरी मत इकडेतिकडे गेलं, तर गावाचा बाजार कायमचा बंद.

आता हे खंडेराव म्हणजे कोण, तर ज्यांना घोड्यावर चढवायला दोन माणसं लागत आणि उतरवायला चार. निवडून आलो की चावडीपुढच्या विहिरीला कुलूप घालणार, तिचं पाणी फक्त माझ्या घोड्यांना, असं ते आधीच सांगत सुटले होते. कुलूपही आणून ठेवलं होतं. म्हणजे मत दिलं तर पाणी गेलं, नाही दिलं तर बाजार गेला. गावातली शहाणी माणसं पारावर बसून डोकं खाजवत राहिली. शहाण्यांना तेवढं काम उत्तम जमतं.

चावडीवर पाटी लागली. रंगाऱ्याचं शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे एका शब्दात दोन अनुस्वार दिसले की एकाला वळसा घालून जायचं. त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'खडेरावांनाच निवडा'.

राजवाड्यात धान्य निवडणारी ठकूबाई तिथून चालली होती. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. काय लिहिलंय म्हणून तिने मास्तरांना विचारलं, आणि मास्तरांनी ते चुकीसकट वाचून दाखवलं. ठकूबाई पदराआड हसली आणि मुदपाकखान्यात जायची ती थेट दरबारात गेली.

"महाराज, सगळं गाव खंडेरावांना निवडतंय. पण निवडल्यावर पुढची रीत असते, ती पाळायचा हुकूम द्या."

कसली रीत, हे राजाने विचारलंच नाही. रीत पाळलीच पाहिजे म्हणाला आणि शिक्का उठवून मोकळा झाला. मोठ्या माणसांचं असंच, शिक्का आधी आणि विचार सवडीने.

मग ठकूबाई घरोघर फिरली. काय बोलली ते बायकांनाच ठाऊक, पण मतदानादिवशी झाडून सगळ्या गावाने खंडेरावांसाठी हात वर केला. खंडेरावांनी तर दोन्ही केले. लगेच बायकांनी हे एवढं मोठं बांबूचं डालगं पुढे आणलं. मिरवणूक दिसतेय, म्हणत स्वारी आपण होऊन आत बसली. वाजतगाजत डालगं वेशीपर्यंत गेलं, वेशीबाहेर उपडं झालं आणि आतून दरवाजा लागला.

राजा राणीसाहेबांसह धावत आला. त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"ठके, हे काय केलंस?"

"रीत पाळली, महाराज. तांदूळ निवडले की निवडून काय निघतं?"

"खडे."

"ते भातात ठेवतात का बाहेर टाकतात?"

राजाने वेशीकडे पाहिलं. दरवाजापलीकडून खंडेराव ओरडत होते.

"मग तुम्ही लोक कोण?" राजाने विचारलं.

"आम्ही तांदूळ. आम्हाला कुणी निवडलं नाही, म्हणून राहिलो सुपात."

राजाने हळूच राणीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी पदरात तोंड खुपसलं होतं आणि खांदे हलत होते. रडत होत्या की हसत होत्या, ते मी सांगणार नाही. मलाही त्याच विहिरीवर पाणी भरायचंय.

आणि मग राजाच खदखदून हसायला लागला. "अगं, लग्न झाल्यापासून हा खडा माझ्या दाताखाली आहे! थुंकायची सोय नव्हती, ती तू केलीस. आजपासून नगराची कारभारीण तू. उद्याच निवडणूक घेऊन तुलाही निवडून आणतो."

ठकूबाईने झटकन हात जोडले.

"तेवढं नको, महाराज. द्यायचंच असेल तर नेमून द्या."

राजा इतका हसला की पगडी कानावर आली. त्याने ठकूबाईला नेमलं, वर चांदीचं सूप दिलं, आणि विहिरीसाठी आणलेलं नवंकोरं कुलूप वेशीला घातलं. आतून!